माळाच्या वाटेवरचा दगड

॥ श्री ॥
ठोंबरेवाडी, चाकण
१८ जून २०२५

ती. वन्सं यांस,
शालनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. समाधानला विचारलं तर म्हणाला, मामी, ठोंबऱ्यांच्या घरचं जे काही असेल ते आईला कागदावरच लागतं. म्हणून हे पत्र. ह्यांच्या तेराव्याला तुम्ही आलात आणि पाण्याचा घोटही न घेता परत गेलात, त्याला सव्वा वर्ष झालं. गुडघे कसे आहेत? तुमच्या पिंपळे गुरवच्या बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त झाली का, की अजून चार मजले चढता?

विषय आपल्या माळाचा आहे. तीन बाजूंनी गोडाऊनं उभी राहिली, मधे आपला सहा एकर खडक तेवढा मोकळा आहे. वाडीतून वर चढून पलीकडे कंपन्यांच्या मागच्या गेटला उतरणारी वाट अजून तीच. भाड्याच्या खोल्यांतल्या पोरी शिफ्टला तिथूनच जातात, सकाळी म्हातारीकोतारी फिरायला येतात, बिरूची मेंढरंही तिथंच चरतात. आपले चिमाजी आठवत असतील. कंपनीच्या पेंट शॉपमधून निवृत्त झाले आणि आता वाटेवरच्या दगडांना पांढरे पट्टे मारत फिरतात, म्हणजे धुक्यात कुणी चुकायला नको. त्यांनी, मी आणि वाडीतल्या वीस-बावीस जणांनी मिळून न्यास काढायचं ठरवलं आहे. माळ न्यासाला दान द्यायचा. मग तो कुणाला विकता येणार नाही, कुंपण घालता येणार नाही, वाट कायमची खुली. नाव ह्यांचंच, ‘कै. हिंदुराव ठोंबरे माळ न्यास’.

आमच्या पोराची, गणराजची तयारी नव्हती. त्याला गोडाऊनवाल्याने पुष्कळ गोड बोलून ठेवलं आहे. शेवटी म्हणाला की आबांचं नाव लागणार असंल तर मी आडवा येत न्हाई, पण दिवाळीपर्यंतच थांबंन. तेवढ्यात झालं नाही तर तो गोडाऊनवाल्याला होकार देणार.

आणि आमच्या वकील विजयश्रीताईंनी जुने कागद काढले. मामंजींच्या मागे वारस म्हणून फक्त ह्यांचंच नाव लागलं आहे. त्या म्हणाल्या, मुलगी हयात असताना तिच्या सहीवाचून हे दान टिकणार नाही. आधी तुमचं नाव लावायचं आणि मग सगळ्यांनी मिळून दानपत्र करायचं. वन्सं, तुमची सही हवी आहे. वाडीसाठी मागते.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. उत्तराची वाट पाहते.
आपली,
शालन


॥ श्री ॥
पिंपळे गुरव
३० जून २०२५

गं. भा. शालन हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी स्वतःला चिमटा काढून पाहिला. दुखलं. म्हणजे मी आहे म्हणायची. सरकारदरबारी मात्र नाही. माझ्या भावाने स्वतः लिहून दिलं आहे की मयतास एक मुलगा, अन्य वारस कोणी नाही. समाधानने आठ वर्षांपूर्वी मोबाईलवर सातबारा उघडला, मित्राला आईच्या माहेरची जमीन दाखवायची होती त्याला हौसेने. माझं नाव शोधता शोधता पोराचं तोंड उतरलं. मग तलाठ्याकडून त्याने वारसाचा तो कागदही काढून आणला. ज्याला कडेवर घेऊन मी त्या माळावर शेळ्या राखल्या, ज्याच्यासाठी चौथीतून शाळा सोडली, त्याने मला जिवंतपणी पुसून टाकलं.

त्या वर्षी भाऊबीजेला तो खाली गेटपाशी आला, तेव्हा मी वॉचमनकडून निरोप धाडला की जिचं नाव सातबाऱ्यावर नाही ती इंदू इथेही राहत नाही. त्याचंच लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. पुढेही दर वर्षी येत राहिला, दर वर्षी तोच निरोप घेऊन गेला.

आता तुम्हाला सही हवी. अडला हरी, गाढवाचे पाय धरी म्हणतात. म्हणजे मी गाढव ठरते, पण चालेल, लाथ तरी मारता येते. जी बाई नाहीच तिची सही कशी घेणार आहात ते तुझ्या वकिलीणबाईंना विचारून कळव. आणि न्यासाला त्याचं नाव! शोभतं हो. चोराच्या नावाने देऊळ.

गुडघे आहेत तसेच आहेत. लिफ्ट बंदच आहे. लोभ होता तेवढा आहे.
इंदू


॥ श्री ॥
ठोंबरेवाडी
१२ जुलै २०२५

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमच्यावर अन्याय झाला. तो आमच्या घरातून झाला. ह्यापेक्षा स्पष्ट मला लिहिता येत नाही.

पण मी सही का मागते ते तरी ऐका. माझ्या मागच्या खोलीत वर्षाली राहायची. परभणीकडची, बावीस वर्षांची, वायरिंगच्या लाइनवर. जानेवारीत गोडाऊनवाल्याने मोजणीचं निमित्त करून आपल्या वाटेला पंधरा दिवस तारा मारल्या होत्या. गणराजनेच होकार दिला होता. पहिल्या शिफ्टला जायचं, उशीर झालेला. ती म्हणाली तारांखालून सरपटत जाते. मीच म्हटलं, कपडे फाडून घेशील, आजचा दिवस हमरस्त्याने जा. कंटेनरने मागून उडवलं. तिचा डबा मी भरला होता. पोलिसांनी तो आणून दिला तेव्हा झाकण आत गेलेलं होतं आणि भाजी आतच होती. तिचा बाप आला, त्याने मलाच धीर दिला. त्याला ठाऊक नाही की तिला रस्त्याने मी पाठवलं.

मला झोप लागत नाही असं लिहिणार नाही, लागते. पण शिफ्टच्या वेळेला मी ओट्यावर उभी राहून वाटेला लागलेल्या पोरी मोजते. दिवाळीनंतर तिथे गोडाऊनची भिंत आली तर त्या सगळ्या रस्त्यावर जाणार. वन्सं, मला हवी ती शिक्षा द्या, सगळं कबूल आहे. वाट तेवढी राहू द्या.

तब्येतीला जपा. शेवग्याच्या शेंगा पाठवल्या आहेत, टाकून देऊ नका.
आपली,
शालन


॥ श्री ॥
पिंपळे गुरव
२५ जुलै २०२५

गं. भा. शालन हिस,
अ. उ. आ.

त्या पोरीचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी दगडाची नाही, तुम्ही लोकांनी समजून घेतली असेल तरी. शेंगा आमटीत घातल्या, कोवळ्या होत्या.

शिक्षा द्या म्हणालीस ना? मग घे. मी सही करते. माझा हिस्सा फुकट देते, मला त्यातलं चिमूटभर काही नको. पण न्यासाला हिंदुरावचं नाव लागणार नाही. आणि वाटेच्या तोंडाशी, वाडीकडून चढताना प्रत्येकाला दिसेल असा, काळा दगड उभा करायचा. त्यावर कोरायचं: ‘ही वाट इंदुबाईंनी दिली. त्यांचा भाऊ हिंदुराव याने वडिलांना मुलगी नाही असे खोटे लिहून दिले होते.’ एक अक्षर इकडचं तिकडे नको.

आणि मी आता शहाणी झाले आहे, समाधानच्या ओळखीच्या वकिलाला विचारूनच लिहिते. मी गेल्यावर तुम्ही दगड उपटून ओढ्यात टाकाल. म्हणून न्यासपत्रातच कलम हवं की हा दगड विश्वस्तांना, वारसांना, कुणालाही कधीही काढता येणार नाही, मजकूर बदलता येणार नाही. स्वतः मीसुद्धा नाही. वाट जितके दिवस, तितके दिवस दगड.

हे जमत असेल तर कागद पाठव. नसेल तर गोडाऊनवाल्याला माझा नमस्कार सांग.
इंदू


॥ श्री ॥
ठोंबरेवाडी
९ ऑगस्ट २०२५

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

नाव काढायला मी तयार आहे. दगडही उभा करते. फक्त एक पदर पसरून मागते. त्यावर ह्यांच्या जागी माझं नाव घाला. ‘भावजय शालन हिने’ असं लिहा. कागद आमच्या घरातून गेला, त्या घरात मीही होते. मी जिवंत आहे, रोज त्या दगडापुढून जाईन, लोक माझ्याकडे बोट दाखवतील. मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही, मग तुमचा सूड पुरा कसा होईल?

चिमाजी म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची, हिंदुराव आमचा जोडीदार, पंचवीस वर्षं एका बसने कंपनीत गेलो. दगडावर हे लिहायला त्यांचा हात धजत नाही. गणराजला अजून सांगितलेलं नाही. बापाच्या नावावर त्याने होकार दिला होता. त्याला कळलं तर काय होईल ते मला माहीत आहे.

माझं नाव घाला, वन्सं. पाया पडते.
आपली,
शालन


॥ श्री ॥
पिंपळे गुरव
१९ ऑगस्ट २०२५

गं. भा. शालन हिस,
अ. उ. आ.

नवऱ्याचं पाप अंगावर घ्यायला निघालीस. सती जायचे दिवस गेले बाई, आणि ठोंबऱ्यांच्या घरात एवढं सोंग कुणाला खरं वाटायचं नाही. तू परक्या घरची. तू मला पुसलं असतंस तर मी दोन शिव्या देऊन विसरले असते. भावजयीकडून बहिणींची दुसरी अपेक्षा नसतेच. मला पाठच्या भावाने पुसलं. दगडावर त्याचंच नाव येईल.

दिवाळीला दोन महिने उरलेत. पोरी मोजतेस ना ओट्यावरून? मोज.
इंदू


॥ श्री ॥
ठोंबरेवाडी
२१ सप्टेंबर २०२५

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मनासारखं झालं. त्या दिवशी नोंदणीच्या ऑफिसात तुम्ही अंगठ्याऐवजी सही केलीत, चौथीपर्यंत शिकलेली अक्षरं एकेक जोडून, ते बघून विजयश्रीताईंचे डोळे भरले होते. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, पण मला तुमचा राग आला नाही. तुमचं नाव लागलं, दानपत्र नोंदलं गेलं, न्यासपत्रात तुमचं कलम जसंच्या तसं आहे. नाव आता नुसतं ‘माळवाट न्यास’. गोडाऊनवाल्याने उरलेल्या तारा स्वतःच गुंडाळून नेल्या.

गणराजने दगडाचा मजकूर तिथेच वाचला. त्याने पेन खाली ठेवलं. मी त्याच्या मागे उभी होते. तो मान न वळवता म्हणाला की आई, तुझ्यासाठी करतो, ह्यापुढं तू मला काय मागू नको. त्याने सही केली. रविवारी पूनमला आणि नातवाला घेऊन तळवड्याला राहायला गेला. आबांचा फोटो भिंतीवरून काढून घेऊन गेला, म्हणाला तुझ्या घरात त्यांना ठेवत नाही.

दगड शनिवारी बसवला. चिमाजी आले नाहीत. पहिल्या शिफ्टच्या एकतीस पोरी वाटेने गेल्या.
आपली,
शालन


॥ श्री ॥
पिंपळे गुरव
४ ऑक्टोबर २०२५

चि. शालन हिस,
अनेक आशीर्वाद.

दसऱ्याला समाधानच्या गाडीतून आले होते. तुझ्याकडे यायला वेळ झाला नाही. दगड झकास आहे. अक्षर खोल आहे, हाताला लागतं. मी नारळ फोडला, तिथे फिरायला आलेल्या चौघांना थांबवून मोठ्याने वाचायला लावलं. एकाने हिंदुरावच्या नावाशी अडखळून मान खाली घातली, त्याला दोनदा वाचायला लावलं. शालनबाई, आठ वर्षांनी मला पोटभर जेवण गेलं. समाधानने फोटो काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवले.

हिंदुराव वरून बघत असेल तर बघू दे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्याचा पीळ मी दगडात घालून ठेवला. येत्या भाऊबीजेला तबक घेऊन येणार आहे. दगडालाच ओवाळीन आणि विचारीन, काय रे, आता आहे का तुला बहीण?

तुझं मात्र मला कौतुक वाटलं. शब्द पाळलास. झालं गेलं विसरून जाऊ. गणराज येईल परत, पोरं कुठे जातात.
इंदू


॥ श्री ॥
ठोंबरेवाडी
२४ ऑक्टोबर २०२५

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुम्ही येऊन ओवाळून गेलात. मी ओट्यावरून पाहत होते. आता हे पत्र बसून वाचा, समाधान घरात असेल तेव्हा वाचा.

तो कागद ह्यांनी लिहिला नाही. मी लिहिला.

मामंजींच्या तेराव्याच्या पंगतीत तुमचे यजमान माळाकडे बघून हिश्शाचं काहीतरी बोलले. तुम्ही त्यांना गप्प केलंत, पण मी ऐकलं होतं. आमचं तेव्हा नुकतं घर बांधायला काढलेलं. हे महिनाभर बारा-बारा तास ओव्हरटाइम करत होते. वारसाचा फॉर्म मी भरला. आमच्या घरात त्यांची सही नेहमी मीच करायची. गणराजच्या प्रगतिपुस्तकावर, गॅसच्या पुस्तकावर, सगळीकडे. त्यांना वेळ नसायचा आणि त्यांची सही त्यांच्यापेक्षा मला बरी यायची. ‘अन्य वारस नाही’ हे माझं अक्षर आहे. त्यांनी तो कागद पाहिलासुद्धा नव्हता. नाव लागलं का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांना कळलं ते तुमच्या वॉचमनच्या निरोपावरून. घरी येऊन पायरीवर बसले आणि मला विचारलं. मी खोटं बोलले नाही. त्यांनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी तुमचं नाव लावायला निघाले, तर मीच अडवलं. म्हटलं, खोटी सही केली म्हणून मला आत टाकतील, गणराजचं लग्न जमायचं आहे. ते थांबले. म्हणाले, आक्काला तुझं नाव सांगितलं तर ती तुला जन्मभर दारात उभी करायची न्हाई. माझ्यावर दोन-चार वर्सं रागावंल आन् मग येईल. मी तिचा भाऊ हाय.

तुम्ही आला नाहीत. ते सात भाऊबीजा तुमच्या गेटपाशी उभे राहिले. शेवटच्या वर्षी दम लागत होता, तरी दोन बस बदलून आले होते. दर वर्षी साडी घेऊन जायचे, दर वर्षी तीच परत आणायचे. सातही ट्रंकेत आहेत. पार्सल करते आहे, एकीला कसर लागली आहे.

मी आधी का सांगितलं नाही असं विचाराल. दानपत्राआधी सांगितलं असतं तर माझ्यावरच्या रागाने तुम्ही सही केली नसतीत. मला पोरींची वाट हवी होती. तिच्यासाठी नवऱ्याचं नाव मातीत घातलं, मुलगा घालवला. तुमच्या मनाची मला फिकीर नव्हती. आणि आता का सांगते? कारण काल तुम्ही हसत होतात.

हा कागद कुणालाही दाखवा. माझी ना नाही. दगड मात्र कुणालाच हलवता येणार नाही, ते कलम तुमचं आहे. गुडघ्यांना तेल लावत जा.
आपली,
शालन


॥ श्री ॥
पिंपळे गुरव
१६ नोव्हेंबर २०२५

शालन,

साड्या पोचल्या.

तुझं पत्र घेऊन मी चिमाजींकडे गेले. ते रडले आणि मग म्हणाले की आता काही होत न्हाई. वकिलीणबाईंकडे गेले. त्यांनी मला माझंच कलम वाचून दाखवलं. स्वतः मीसुद्धा नाही, असं तिथे माझ्या सांगण्यावरून लिहिलेलं आहे. वर त्या म्हणाल्या की दगड उभा राहिल्यापासून वाडीतल्या तिघांनी आपल्या बहिणींची नावं लावून घेतली, तेव्हा तो आहे तसाच बरा. तुला मी शाप द्यायला बसले होते. चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. ज्याला द्यायचे ते सगळे शाप मी आधीच देऊन बसले आहे, तेही चुकीच्या माणसाला.

मला तुझ्याकडे भाड्याने खोली दे. माहेरपणाला येत नाही. पहिल्या शिफ्टच्या पोरी सहाला जातात आणि पिंपळे गुरवहून एवढ्या लवकर पोचता येत नाही. समाधान नको म्हणतो. मी येणार. तुझ्याशी बोलायची सक्ती करू नकोस. जेवण मी माझं करीन.

गेल्या सोमवारी दुसऱ्या शिफ्टच्या वेळेला येऊन दगडापाशी बसले होते. येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते की बाई गं, हे खोटं आहे, माझ्या भावाने असं काही केलं नाही, तो चांगला होता. बऱ्याच जणी थांबल्याच नाहीत. एक थांबली. तिने सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं, मग वाकून दगडावरचं वाचलं. आणि म्हणाली की आजी, पण इथे तर तसंच लिहिलंय. मी म्हटलं, ते मीच लिहायला लावलं. तिने माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला, तुमचं घर कुठे आहे, कुणाला फोन करू का म्हणून विचारलं. मग तिला शिफ्टला उशीर होत होता, ती गेली.

खोलीचं लगेच कळव.
इंदू